रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सेस मिररलेसवर : कोपरे का बिघडतात? (फोरमवरचा धागा)

काचघर

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (लेन्सबाहेरच्या वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचे ते) वाइड लेन्सेस मी गेली काही वर्षं मिररलेसवर (आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) लावून वापरतोय. त्यांच्याबद्दल दोन टोकाची मतं कानावर येतात. एकाला त्या काचेचं वेड लागलेलं असतं, तर दुसरा म्हणतो कोपऱ्यांत नुसता चिखल आहे, पैसे पाण्यात गेले. दोघंही खरंच सांगत असतात. लेन्स वेगळी, कॅमेरा वेगळा. मला मनापासून सांगायचंय ते एवढंच, की कोपरा खराब आला म्हणून लेन्सच्या नावाने बोटं मोडू नका. सेन्सरवर बसवलेली काच त्या लेन्सचं शेवटचं भिंग होऊन बसते, आणि लेन्स आखणाऱ्याने ती कधी हिशेबात धरलेलीच नव्हती.

या लेन्सेस बसतात कशा, ते आधी. लायकाचा एम माउंट (लेन्स कॅमेऱ्याला अडकवायची जागा) १९५४ साली एम३ बरोबर आला. त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी. त्याआधीच्या ३९ मिमीच्या आट्यांच्या माउंटचं २८.८ मिमी, म्हणून एक मिलिमीटर जाडीची रिंग लावली की आट्यांची लेन्स एमवर चालते. मिररलेसमध्ये हेच अंतर सोनी ई वर १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ आणि एल माउंट २०, फुजी एक्स १७.७. म्हणजे सोनीसाठी अ‍ॅडाप्टर उरला ९.८ मिमीचा, निकॉनसाठी ११.८ मिमीचा. आत काच नाही, धातूची पोकळ चकती फक्त. एसएलआरमध्ये (आरशातून लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात) हे जमत नव्हतं. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी आणि निकॉन एफचं ४६.५ मिमी, कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी.

त्याच आरशामुळे वाइड लेन्सच्या दोन वाटा झाल्या. एसएलआरसाठी मागची काच लांब ठेवणं भाग होतं, म्हणून रेट्रोफोकस रचना आली; आंजेन्यूची ३५ मिमी एफ/२.५ ही १९५० ची. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. त्यामुळे लुडविग बेर्टेले यांनी बायोगॉन आखली, रशियात मिखाइल रुसिनोव्ह यांनी रुसार आखली, आणि या लेन्सेसची मागची काच फिल्मला जवळजवळ टेकेल इतकी आत गेली. पुढून-मागून साधारण सारखी रचना, त्यामुळे सरळ रेषा सरळ राहतात. आकारही मुठीत मावेल एवढा.

याची किंमत मोजावी लागते ती प्रकाशाच्या तिरपेपणात. फुल फ्रेमचा (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) कोपरा केंद्रापासून २१.६ मिमीवर असतो. २१ मिमीच्या अशा लेन्समधून तिथे पोचणारा किरण सुमारे ४६ अंश कललेला असतो, १५ मिमीमधून ५५ अंश. फिल्मला याचं काही वाटत नाही. सेन्सरला वाटतं, आणि त्यातून दोन वेगळी दुखणी होतात. लोक ती एकत्र करतात म्हणून वेगळी सांगतो.

पहिलं रंगाचं. तिरपा प्रकाश एका पिक्सेलवरून शेजारच्यात सांडतो आणि कडांना जांभळट किंवा हिरवट झाक येते. २०१५ च्या सोनी ए७आर २ मध्ये मागून प्रकाश घेणारा सेन्सर फुल फ्रेममध्ये पहिल्यांदा आला, तेव्हापासून हे दुखणं बरंच कमी झालंय.

दुसरं धूसरपणाचं, आणि ते नव्या सेन्सरने जात नाही. सेन्सरवरच्या काचेची जाडी लायका एम९ वर ०.८ मिमी, सोनी ए७ मालिकेत सुमारे २ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर) ४ मिमीच्या आसपास. काच फोकस मागे ढकलते. २ मिमीची काच सरळ किरणाला ०.६७ मिमी मागे ढकलते, पण ४६ अंशांच्या किरणाला ०.९४ मिमी. मधला पाव मिलिमीटरहून जास्त फरक कोपऱ्यात दिसतो. ०.८ मिमीच्या काचेवर हाच फरक ०.१ मिमीच्या आसपास राहतो. लायकाला हे ठाऊक होतं. २००६ च्या एम८ वर तर त्यांनी काच फक्त ०.५ मिमी ठेवली, आणि त्यापायी इन्फ्रारेड गळून काळे कृत्रिम कपडे जांभळे दिसायला लागले. शेवटी लेन्सच्या पुढे फिल्टर लावावा लागला. काच पातळ करणं फुकट होत नाही.

पायवाट

माझ्या नेमक्या जागी बोट ठेवलंत. माझ्याकडे वापरलेली घेतलेली फोक्टलेंडर १५ मिमी एफ/४.५ आहे, आट्यांची, अगदी पहिली. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, सेन्सर जुन्या पद्धतीचा. मध्यभाग इतका सुरेख की झाडाची पानं मोजावीत. कोपऱ्यात मात्र तीच पानं बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखी दिसतात. सगळे म्हणतात अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बारीक करून एफ/११ ला जा. गेलो, तरी पुरतं सुधारत नाही. शिवाय डाव्या-उजव्या कडेला जांभळट झाक. माझी प्रतच खराब आहे का?

काचघर

प्रत चांगली असण्याचीच शक्यता जास्त. १५ मिमीचा हिशेब करून बघू. ५५ अंशांवर २ मिमीच्या काचेमुळे येणारा जादा फरक ढोबळमानाने ०.४२ मिमी. त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की ठिपक्याचा पसारा मिळतो. एफ/११ ला तो ०.०३८ मिमी येतो. तुमचा पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा, म्हणजे सहा पिक्सेलभर पसरलेला ठिपका. म्हणून एफ/११ ला सुधारतं, पण पुरतं नाही. एफ/१६ ला गेलात तर विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) मध्यभागही मऊ पडेल.

या लेन्सच्या आवृत्त्या नीट ओळखून ठेवा, नावं जवळजवळ सारखी आहेत. पहिली आट्यांची, १९९९ ची. दुसरी एम माउंटची, २००९ ची, रचना तीच. तिसरी २०१५ ची, आणि ती मुळापासून नव्याने आखलेली. मागच्या बाजूने प्रकाश बराच सरळ बाहेर पडतो, त्यामुळे कोपरेही टिकतात आणि रंगही. बदल्यात ती लांब आणि जड झाली. १५ मिमी लँडस्केपसाठी, कोपऱ्यापर्यंत लख्ख हवी असेल तर डोळे मिटून तिसरी.

तुमच्या प्रतीची परीक्षा अशी घ्या. कॅमेरा तिपाईवर. दूरच्या, भरपूर बारकावे असलेल्या दृश्याचा एक फोटो मध्यभागी फोकस करून. दुसरा कोपऱ्यात स्क्रीन मोठी करून, तिथे फोकस करून. दुसऱ्यात कोपरा लख्ख झाला आणि मध्यभाग गेला, तर फोकसची पातळी नुसती वाकलेली आहे. मधली जागा गाठून एफ/८ ला काम भागतं. कोपरा कुठल्याच फोकसला लख्ख होत नसेल, केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या रेषा एका जागी स्पष्ट आणि त्यांना आडव्या रेषा दुसऱ्या जागी, तर ते अ‍ॅस्टिग्मॅटिझम. त्यावर फोकसची युक्ती चालत नाही.

कृष्णधवल

धागा आवडला, पण एका सुराशी मी सहमत नाही. 'कोपऱ्यापर्यंत लख्ख हवी तर नवी घ्या' म्हटलं की जुनी काच हळूहळू अडगळीत जाते. मी १९६३ ची २१ मिमी एफ/३.४ सुपर अँगुलॉन वापरतो, श्नायडरने लायकासाठी बनवलेली. फक्त कृष्णधवल. रंगाची झाक हा प्रश्नच मिटतो. कोपरे अंधारतात हे खरं, पण अरुंद गल्लीत, जिन्यात, बोगद्यात तो अंधार नजरेला आत खेचतो. भिंतींच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. रेट्रोफोकस २१ मिमीमध्ये सॉफ्टवेअरने ताणून सरळ केलेली रेषा आणि मुळातच सरळ आलेली रेषा शेजारी ठेवून बघा.

अंधाराचं म्हणाल तर ते भूमितीतच आहे. ४६ अंशांवर कोसाइनचा चौथा घात ०.२३ येतो, म्हणजे दोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) थोडं जास्त. बायोगॉनसारख्या रचना त्यातला काही भाग वाचवतात, सगळा नाही. १९६९ च्या झाइस हॉलोगॉनमध्ये, १५ मिमी, एफ/८ वर कायमची बांधलेली, फक्त तीन भिंगं. तिच्यासोबत मध्यभागी गडद आणि कडेला पारदर्शक होत जाणारा फिल्टरच दिला जायचा. म्हणजे ते लोकही हा अंधार दोष म्हणून लपवत नव्हते. लेन्सची भूमिती मान्य करून पुढे जात होते.

काचघर

मान्य. माझं वाक्य लँडस्केपपुरतं होतं, ते सगळ्यांना लागू केल्यासारखं वाटलं असेल तर माझी चूक. मी स्वतः २१ मिमी एफ/४.५ सी बायोगॉन याच कारणासाठी ठेवलीय. आतल्या जागांचे फोटो काढताना दाराची चौकट सरळ येते तेव्हा जो आनंद होतो तो कोपऱ्याच्या शार्पनेसने होत नाही.

रंगात काढायचं असेल तर कडांची झाक काढता येते. दोन-तीन मिमी जाडीचा दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा लेन्सला टेकवून, त्याच अ‍ॅपर्चरला, एकसारख्या उजेडाकडे रोखून एक फोटो काढून ठेवा. मग फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरला तो नमुना म्हणून द्या : लाइटरूममध्ये फ्लॅट फील्ड, कॅप्चर वनमध्ये एलसीसी, रॉथेरपीतही ही सोय आहे. झाक आणि अंधार दोन्ही एकदम जातात. कोपरे दोन स्टॉप उचलले की तिथे नॉइज (दाणेदारपणा) येणार हे धरून चाला. धूसरपणा मात्र यातल्या कशानेही जात नाही.

तिरपा_प्रकाश

अ‍ॅडाप्टरबद्दल कोणी बोललं नाही अजून, आणि माझं सर्वांत जास्त नुकसान तिथेच झालं.

बहुतेक अ‍ॅडाप्टर मुद्दाम जरा आखूड बनवतात, म्हणजे इन्फिनिटी (अगदी दूरचा फोकस) हमखास मिळावी. लांब लेन्सवर हे खपून जातं. वाइडवर नाही. साधा हिशेब आहे : फोकल लेंग्थचा वर्ग भागिले चूक. अ‍ॅडाप्टर ०.१ मिमी आखूड असेल तर ५० मिमी लेन्सवर खरी इन्फिनिटी २५ मीटरच्या खुणेवर येते. २१ मिमीवर ४.४ मीटरच्या खुणेवर. १५ मिमीवर सव्वादोन मीटरच्या! म्हणजे लेन्सवर कोरलेली अंतरं आणि डेप्थ ऑफ फील्डच्या (कुठपासून कुठपर्यंत लख्ख येईल त्याच्या) खुणा वाचून फोकस लावायची जी रेंजफाइंडरवाल्यांची सवय, ती मिररलेसवर साफ फसवते.

मी एका रात्री ताऱ्यांचे फोटो काढायला गेलो. लेन्स शेवटच्या खुणेपर्यंत फिरवली, अंधारात परत बघितलं नाही. घरी येऊन बघतो तर प्रत्येक तारा फुगलेला, आणि फ्रेमच्या उजव्या बाजूला डावीपेक्षा जास्त. लेन्सचं भिंग सरकलंय असं समजून ती कित्येक महिने कपाटात ठेवून दिली. मग मायक्रोमीटर हाताशी आला तेव्हा अ‍ॅडाप्टर चार ठिकाणी मोजला : ९.७१, ९.७०, ९.७४, ९.७८. हवा होता ९.८०. आखूड तर होताच, शिवाय एका बाजूला ०.०८ मिमी कललेला. एफ/४.५ ला एवढा कल उघड दिसतो. दोष चकतीचा आणि शिक्षा लेन्सला.

अ‍ॅडाप्टर उघडून, पुढच्या धातूच्या रिंगखाली तांब्याच्या पातळ पट्टीचे तुकडे कातरून बसवले. पातळ बाजूला दोन थर, जाड बाजूला काही नाही. तीनदा उघडला, तीनदा मोजला. आता चारही ठिकाणी ९.७८ ते ९.८० च्या दरम्यान आहे, आणि इन्फिनिटीची खूण बऱ्यापैकी खरी बोलते. ज्यांना हे करायचं नाही त्यांनी दूरच्या दिव्यावर स्क्रीन पूर्ण मोठी करून फोकस करावा आणि त्या जागी लेन्सवर बारीक पांढरी खूण करून ठेवावी.

उन्हाची_तिरीप

खूप शिकायला मिळतंय. मी या विषयात नवीन आहे. मला ज्युपिटर-१२ मिळतेय, ३५ मिमी एफ/२.८. तिची मागची काच बाहेर डोकावतेय, अगदी गोल घुमटासारखी. कॅमेऱ्याच्या आत आदळेल अशी भीती वाटते. शिवाय सेटिंगमध्ये काय बदलावं लागतं?

तिरपा_प्रकाश

भीती रास्त आहे. ज्युपिटर-१२ ही युद्धापूर्वीच्या झाइस बायोगॉनवरून आलेली, त्यामुळे मागचं भिंग मोठं आणि खूप आत जाणारं. लावण्याआधी माउंटच्या पातळीपासून काचेच्या टोकापर्यंतची खोली मोजा, लेन्स इन्फिनिटीवर ठेवून, कारण तेव्हाच ती सर्वांत आत असते. मग अ‍ॅडाप्टरच्या आतली चौकट किती रुंद आहे ते बघा. काही अ‍ॅडाप्टरांत काळी चौकोनी चौकट असते आणि काच तिलाच घासते. फिरवताना जराही अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. ज्या जुन्या लेन्सेस नळीसारख्या आत ढकलून मिटवता येतात, त्या मिररलेसवर कधीही मिटवू नका.

सेटिंग दोनच. 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, नाहीतर कॅमेरा फोटोच काढणार नाही. आणि बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो न हलू देणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने ३५ टाका. लेन्स बदलल्यावर ती बदलायलाही विसरू नका. ९० चा आकडा ठेवून ३५ ने काढलं तर स्थिरीकरणच फोटो हलवतं. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) वाइडमध्ये फार विसंबू नका, सगळंच चमकतं.

काचघर

ज्युपिटरचं अ‍ॅपर्चर पुढच्या काचेभोवती आत दडलेलं असतं, बोटाचा ठसा काचेवर हमखास उमटतो. पुसायचं कापड जवळ ठेवा.

घेण्याआधी कुठलीही वाइड लेन्स हातात घेऊन मागून बघायची सवय लावा. अ‍ॅपर्चर जरा बंद करा आणि मागच्या काचेतून त्याचा गोल किती खोल दिसतो ते पाहा. गोल अगदी काचेलगत दिसत असेल आणि काचही बाहेर आलेली असेल, तर किरण खूप तिरपे बाहेर पडणार. गोल खोल, लांब आत दिसत असेल तर ती लेन्स जाड काचेच्या सेन्सरवरही नीट वागते. लायकाची २००९ ची १८ मिमी एफ/३.८ आणि २०११ ची २१ मिमी एफ/३.४ या दुसऱ्या गटातल्या. काँटॅक्स जी ची २८ मिमी बायोगॉन पहिल्या गटातली. फिल्मवर अप्रतिम, जाड काचेवर कडा विस्कटतात. लेन्सवरचं नाव वाचण्याआधी हा गोल बघा.

आणि मिनोल्टा सीएलईची २८ मिमी रॉकॉर बघत असाल तर टॉर्च मारून आत बघा. त्या लेन्समध्ये पांढऱ्या ठिपक्यांचं दुखणं सर्रास आढळतं.

पायवाट

लेन्सच्या पुढे बहिर्गोल फिल्टर लावून कोपरे सुधारतात असं वाचलं. आणि सेन्सरवरची काचच बदलून पातळ बसवून देतात म्हणे. दोन्हींपैकी काय करावं?

काचघर

फिल्टरची युक्ती खरी आहे. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने किंचित फुगीर, फारच कमी पॉवरचं भिंग पुढे लावायचं. ते वाकलेली फोकस पातळी सपाटीकडे आणतं. त्याने फोकस जवळ येतो, म्हणून इन्फिनिटीला लेन्स नेहमीपेक्षा जरा जास्त आत जावी लागते. इथे आखूड अ‍ॅडाप्टरच कामी येतो. पण अ‍ॅस्टिग्मॅटिझम त्याने जात नाही, म्हणून आधी वर सांगितलेली परीक्षा घ्या. शिवाय तुमच्या १५ मिमीच्या पहिल्या आवृत्तीला हूड कायमचा जोडलेला आणि पुढे फिल्टरचे आटेच नाहीत, त्यामुळे हे जमवणं कटकटीचं.

काच बदलून घेणं हा पक्का इलाज आहे, पण त्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सेस जाड काच धरून आखलेल्या असतात, त्यांच्या कोपऱ्यांना मग उलटा त्रास. एकच बॉडी असेल तर मी करणार नाही. जुनी दुसरी बॉडी फक्त रेंजफाइंडर लेन्सेससाठी वेगळी काढणार असाल तर जरूर करा. निकॉन झेडची काच सोनीपेक्षा पातळ आहे, तोही एक मार्ग.

कृष्णधवल

आणखी एक, हेलिकॉइडचा अ‍ॅडाप्टर. रेंजफाइंडर लेन्सेस बहुधा ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. पुढे सरकणाऱ्या अ‍ॅडाप्टरने ४ मिमी जादा मिळाले की २१ मिमी लेन्स अकरा-बारा सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. परवा भिंतीच्या फटीत उगवलेलं नेचं काढलं. पान लेन्सला टेकेल इतकं जवळ, मागे पूर्ण गल्ली. मूळ कॅमेऱ्यावर हा फोटो निघालाच नसता.

पायवाट

परीक्षा घेतली. तिपाई, दूरची विटांची भिंत, एफ/५.६, एफ/८, एफ/११. कोपऱ्यात फोकस केला तेव्हा विटांमधल्या उभ्या-आडव्या रेघा एकाच वेळी कधीच स्पष्ट झाल्या नाहीत. एक आली की दुसरी जाते. म्हणजे फिल्टर बाद.

मग फ्रेम चौरस कापून बघितली. २४ बाय २४ मध्ये कोपरा केंद्रापासून १७ मिमीवर येतो, हिशेब केला तर किरण ५५ ऐवजी साडेअठ्ठेचाळीस अंश. एफ/८ ला तो कोपरा मला पुरेसा चांगला वाटला, पानं ओढलेली दिसत नाहीत. कृष्णधवल केल्यावर जांभळट कडाही गेली. तिसरी आवृत्ती घेणं तूर्त पुढे ढकललंय. अ‍ॅडाप्टरही मोजला : सगळीकडे ९.७३, आखूड पण सरळ. खरी इन्फिनिटी लेन्सवर तीन मीटरच्या जरा पुढे येते, तिथे पांढरी खूण केलीय.

तिरपा_प्रकाश

०.०७ मिमी आखूड, म्हणजे हिशेबाने ३.२ मीटर. बरोबर जुळलं. चौरस फ्रेममधला एखादा जिना इथे नक्की टाका.